असेसमेंट, अजमास आणि आकार : जावळीच्या मातीत एका शब्दाचा प्रवास

१/
सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि पोटखराबा यांच्या लगत ‘आकार’ नावाची एक नोंद असते. तेथे बहुधा काही रुपये आणि काही पैसे एवढाच आकडा आढळतो. मेढ्याच्या तहसील कचेरीतून उतारा घेऊन निघालेला जावळीचा शेतकरी त्याकडे क्वचितच लक्ष देतो, कारण आजच्या हिशेबात ती रक्कम अगदी किरकोळ आहे. परंतु ह्या लहानशा आकड्यामागे एक जुना वाद उभा आहे : जमिनीचे मोल गणिताने ठरते, की पारखीने? आणि ते ठरवताना तेथे कोण बसलेले असते? हा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रारंभ शब्दापासून. इंग्रज अमलात ‘आकारणी’साठी जो शब्द कागदोपत्री रूढ झाला तो ‘असेसमेंट’. त्याचे मूळ लॅटिन ‘असिडेरे’ ह्या क्रियापदात आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘जवळ बसणे’. रोमन न्यायव्यवस्थेत न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला सल्ला देणाऱ्या जाणकारास ‘असेसर’ म्हणत. मध्ययुगात तोच शब्द कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला लागू झाला. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ कराची रक्कम ठरवणे असा होता. माणसाची योग्यता किंवा एखाद्या विचाराचे मोल जोखणे हा अर्थ त्याला बराच नंतर, विसाव्या शतकात चिकटला.

३/
येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या लॅटिन धातूपासून ‘असेस’ निघाला, त्याच धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे ‘असाइज’ हा शब्द आला. असाइज म्हणजे न्यायाची बैठक, आणि त्या बैठकीने ठरवून दिलेले प्रमाण. त्याचेच आखूड रूप म्हणजे ‘साइज’. म्हणजे इंग्रजीत आकारमान आणि करनिर्धारण हे एकाच घरातील शब्द आहेत. मराठीत तर एकच शब्द दोन्ही कामे करतो. ‘आकार’ म्हणजे रूप, आणि ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. दोन्ही भाषांनी आपापल्या परीने हे नाते जोडले.

४/
मराठीत ह्या कामासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘अंदाज’ फारसीतून आला. ‘हिशेब’ मूळचा अरबी. ‘पारख’ संस्कृत परीक्षेची वंशज. आणि ‘अजमास’ किंवा ‘अदमास’ हा फारसी ‘आजमाइश’चा अवतार, म्हणजे कसोटीस लावून पाहणे. पेशव्यांच्या दफ्तरात अजमास हा एक स्वतंत्र कागदच असे. एखाद्या प्रांतातून किती वसूल यावा, किती खर्च व्हावा, याचा तो आगाऊ ठोकताळा. वर्षाअखेरीस प्रत्यक्ष हिशेब येई आणि अजमास कोठे चुकला ते उघड होई. अंदाज वेगळा आणि हिशेब वेगळा, हे भान त्या दफ्तराला होते.

५/
त्याही आधीची व्यवस्था सभासद बखरीत सापडते. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस असताना कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर लिहिली. शिवकालीन मोजणीच्या काठीची लांबी त्याने ८२ तसू अशी दिली आहे. २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेस आणि दोन सरकारास, असे प्रमाण तो सांगतो. ह्या व्यवस्थेशी अण्णाजी दत्तो यांचे नाव जोडले जाते. माप काठीचे होते, पण पिकाची पाहणी माणसाच्या नजरेची होती.

६/
जावळीसारख्या मुलखात मात्र काठी फारशी चालत नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती ह्याच दुर्गमतेसाठी. वेण्णेच्या खोऱ्यात, मेढ्याच्या आसपास, भाताची खाचरे आहेत. पश्चिमेस चढत गेले की उतारावर नाचणी आणि वरी, आणि माथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, राखेत पेरायचे आणि काही वर्षांनी ती जागा सोडून पुढे सरकायचे, ही कुमरीची पद्धत तेथे होती. यंदा पिकणारी जागा पुढे वर्षानुवर्षे पडीक. असल्या जमिनीचा बिघा मोजून काय उपयोग?

७/
म्हणूनच डोंगरी आणि कोकणी मुलखांत आकारणीची एकके निराळी असत. उत्तर कोकणात नांगरबंदी होती, म्हणजे जमिनीऐवजी नांगर मोजायचे. कुऱ्हाडबंदी आणि कोयताबंदी होती, म्हणजे रानात शिरणारी कुऱ्हाड किंवा कोयता मोजायचा. पाहणाऱ्यास ही एकके ओबडधोबड वाटतील. पण त्यांमागे शहाणपण होते. जेथे जमीन स्थिर नाही तेथे जमिनीवर कर बसवण्यापेक्षा माणसाच्या कष्टाच्या साधनावर बसवणे सोपे आणि बहुधा अधिक न्याय्य.

८/
‘जवळ बसणे’ हा असेसमेंटचा मूळ अर्थ मराठी मुलखाला परका नव्हता. वतनाचा किंवा शिवेचा तंटा झाला की गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे वतनदार हजर राहत. निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत, आणि त्याच्या आरंभी ‘हाजीर मजालस’ म्हणून बसलेल्यांची नावे येत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. निवाडा कोणत्या नियमाने झाला याइतकेच तो कोणाच्या देखत झाला यालाही वजन होते.

९/
१८१८ साली पेशवाई गेली. साताऱ्यास इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य ठेवले, परंतु पुण्याचा मुलूख कंपनीच्या थेट हाती आला. आणि तेथे आकारणीचा एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण मुलकी अधिकारी. हेलीबरीच्या महाविद्यालयात त्याचे शिक्षण झालेले. तेथे माल्थस हे अर्थशास्त्र शिकवीत, आणि त्या काळी रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा बोलबाला होता. प्रिंगलने तो सिद्धान्त इंदापूरच्या मातीत उतरवायचे ठरवले.

१०/
सिद्धान्त कागदावर निर्दोष होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून बैल, बी, मजुरी यांचा खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्याचे ५५ टक्के सरकारचे. १८२७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुणे जिल्ह्यात हे काम झाले. पण निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारा प्रत्येक आकडा कोणाच्या तरी सांगण्यावर उभा होता. खालच्या कारकुनांनी लिहून आणलेल्या आकड्यांवर वर अपूर्णांकांपर्यंत गणिते चालत होती. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार.

११/
परिणाम भीषण झाला. धान्याचे भाव पडलेले, पाऊस अपुरा, आणि आकार जबर. इंदापुराकडील रयत जमिनी टाकून निघून गेली, शेते ओस पडली, थकबाकी साचत गेली आणि सरकारला सूट देत बसावे लागले. प्रिंगलच्या बेरजा-वजाबाक्या चुकल्या नव्हत्या. चूक होती ती आत घातलेल्या आकड्यांत, आणि ते आकडे तपासण्यासाठी शेताच्या बांधावर कोणी विश्वासाचे बसलेले नव्हते ह्यात.

१२/
१८३५ पासून त्याच इंदापुरात गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट यांनी नव्याने काम सुरू केले. त्यांनी निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडून दिला. पूर्वी प्रत्यक्षात किती वसूल येत होता, बाजार किती दूर, पाऊस कसा, लोकांची स्थिती काय, हे सर्व पाहून तालुक्याचा सर्वांत वरचा दर अनुभवाने ठरवायचा, असे त्यांचे धोरण होते. म्हणजे एकूण बोजा पारखीने ठरवायचा, आणि तो शेताशेतांत वाटण्यापुरते गणित वापरायचे. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

१३/
वाटणीचे ते गणित मोठे रोचक आहे. शेतात खणून मातीची खोली हातांत मोजायची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती म्हणजे १६ आणे. खोली कमी होत गेली की १४, १२, १० असे उतरत साडेचार आण्यांपर्यंत. तांबूस भरड माती एक पायरी खालून सुरू होई. मग दोष पाहायचे : चुनखडी, वाळू, उतार, वाहत्या पाण्याने खरवडली जाणे, ओल साचणे इत्यादी. प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. ह्यालाच प्रतबंदी म्हणतात. मराठीत ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्ण खरे. मातीलाही त्याच आण्यांत जोखले गेले.

१४/
मोजणीस ३३ फुटांची साखळी होती आणि तिचे १६ आणे कल्पिलेले होते. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आज सातारा-सांगलीत घरासाठी गुंठा-दोन गुंठे पाहणारे कुटुंब अजाणता त्याच साखळीने मोजत असते. काठी, पांड, बिघा, चावर ही मापे व्यवहारातून मागे पडली. गुंठा मात्र टिकला.

१५/
१८४८ साली शहाजी महाराज निपुत्रिक वारले आणि डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. त्यानंतरच्या दशकांत हीच पैमाइश सातारा जिल्ह्यात आली. त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सांगलीतील तासगाव, वाळवा, खानापूर हे भागही होते. कृष्णाकाठची खोल काळी जमीन आणि जावळीचा खडकाळ उतार आता एकाच कोष्टकात बसले. उतार हा कोष्टकातला दोष. जावळीत समतल तुकडा शोधावा लागतो, आणि भातखाचर म्हणजे पिढ्यानपिढ्या ताली घालून, माती अडवून माणसाने घडवलेली जागा. निसर्गाने दिलेल्या मातीत आणि घामाने साठवलेल्या मातीत फरक कसा करायचा, हा प्रश्न केवळ खोली मोजून सुटणारा नव्हता. भातजमिनीसाठी ओल, बांध वगैरेंचे निराळे निकष लावावे लागले ते त्यामुळेच.

१६/
आकारणी ३० वर्षांसाठी कायम असे. पहिल्या खेपेस दर बेताचे होते, लागवड वाढली. खरी कसोटी फेरआकारणीच्या वेळी लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव चढले होते. त्या चढत्या भावांच्या छायेत पुणे जिल्ह्यातील तालुक्यांचे नवे दर ठरले. मग भाव कोसळले, आकार तसाच राहिला. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये ह्या प्रश्नाची चौकशी करून गाऱ्हाणी मांडली. १८७४ च्या ठरावाने सरकारने वाढीवर मर्यादा घातली : तालुक्यास ३३ टक्के, गावास ६६, एका खातेदारास १००. मर्यादाच एवढी, तर आधीची वाढ केवढी असेल ते समजते.

१७/
१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा पेटला आणि पुणे-नगर भागांत पसरला. रयतेने सावकारांचे रोखे, दस्तऐवज जाळले. शेतसारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण, असा तो फास होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा ह्या चार जिल्ह्यांसाठी झाला. मूळचे साताऱ्यातील कटगुणच्या घराण्यातले महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो ह्याच पार्श्वभूमीवर.

१८/
आता असेसरकडे वळू. इंग्रजी अमलात जेथे ज्युरी नव्हती तेथे सेशन्स न्यायालयात न्यायाधीशाच्या जोडीला असेसर बसवले जात. ते स्थानिक प्रतिष्ठित असत, आपले मत सांगत, पण ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या दुरुस्तीने ही प्रथा बंद झाली. फारसे ठाऊक नसलेली गोष्ट अशी की भूसंपादनातही असेसर होते. १८७० च्या कायद्याप्रमाणे भरपाईचा वाद न्यायालयात गेला की एक असेसर कलेक्टरचा आणि एक जमीनमालकाचा, असे दोघे न्यायाधीशाशेजारी बसत. १८९४ च्या कायद्याने ती तरतूद काढून टाकली. ज्याची जमीन जायची त्याच्या बाजूचा माणूस त्या बैठकीतून उठला.

१९/
ह्याचा अर्थ जावळीला विसाव्या शतकात कळला. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. भरपाई त्याच १८९४ च्या कायद्यानुसार, म्हणजे बाजारभावाने. परंतु ज्या खोऱ्यात जमिनीची खरेदी-विक्रीच विरळा, तेथे बाजारभावाचा पुरावा आणायचा कोठून? कागदावर उरतो तो हलक्या प्रतीचा जुना आकार. रान, गवत, नदी, देवराई, खाचराची ताल, ह्यांना प्रतबंदीच्या कोष्टकात रकाना नव्हता. कमी सारा लागावा म्हणून जी हलकी प्रत एके काळी वरदान होती, तीच जमीन देण्याची वेळ आली तेव्हा विरोधात साक्ष देणारी ठरू शकत होती.

२०/
आकारणीच्या शेजारी दुसरा एक शब्द गावोगाव रुजला : आणेवारी. ती पिकाची. पूर्ण पीक धरून यंदा किती आणे आले ते सांगायचे. हे आणे कोण ठरवतो यावरूनच १९१८ चा खेडा सत्याग्रह झाला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारावसुली तहकूब करण्याचा नियम होता. रयत म्हणे पीक चार आण्यांहून कमी, अधिकारी म्हणत जास्त. दहा वर्षांनी बारडोलीत वाद फेरआकारणीचा होता. सरकारने सुमारे २२ टक्के वाढ लादली होती. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल ह्या सरकारी अधिकाऱ्यांनीच गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा समर्थनीय वाढ जेमतेम ६ टक्के निघाली. जमीन तीच, कायदा तोच. फरक एवढाच की ह्या वेळी गावात जाऊन, लोकांसमक्ष बसून आकडे तपासले गेले.

२१/
१९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली, जरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित, मग पीककापणीच्या प्रयोगांनंतर अंतिम. ५० पैशांची रेघ महत्त्वाची, कारण तिच्या खाली आलेले गाव टंचाईग्रस्त समजले जाते व सवलतींस पात्र ठरते. माण, खटाव, आटपाडी, जत येथे हा आकडा दुष्काळाचे मोजमाप म्हणून वाचला जातो. जावळीचे दुखणे बहुधा उलटे असते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत साताऱ्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, भातखाचरे मातीसकट वाहून गेली. पीक गेले तर पैसेवारी सांगता येते. मातीच गेली तर पंचनामा करावा लागतो.

२२/
आणि पंचनामा म्हणजे तरी काय? पंचांनी जागेवर येऊन, पाहून, सह्या करून दिलेला कागद. गोतसभेचा महजर आणि रोमन असेसर यांच्याच कुळातला. आज उपग्रहाची छायाचित्रे, ड्रोन मोजणी आणि ई-पीक पाहणी आली आहे. ही साधने मोलाची आहेत, त्यांनी मोजणीतला पक्षपात कमी होऊ शकतो. पण प्रिंगलची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र क्षेत्र अचूक देते. खाचराची ताल किती पिढ्यांची, वाहून गेलेली माती पुन्हा भरायला किती वर्षे लागतील, हे अजून बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारावे लागते.

२३/
शब्दाचा प्रवास थांबलेला नाही. प्राप्तिकराच्या कागदांत असेसमेंटचे ‘निर्धारण’ झाले, शाळेत ‘मूल्यमापन’. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्रातील शाळांत जी पद्धत आली तिच्या दोन भागांची नावे पाहावीत : संकलित मूल्यमापन आणि आकारिक मूल्यमापन. संकलित म्हणजे सत्राअखेरची बेरीज. आकारिक म्हणजे मूल शिकत असताना शिक्षकाने त्याच्या जवळ राहून, पाहून, विचारून केलेली पारख. मेढ्याच्या शाळेतील शिक्षिका ‘आकारिक’च्या नोंदी लिहिते आणि तहसील कचेरीतील उताऱ्यावर ‘आकार’ छापला जातो. शब्द एकच. एका ठिकाणी तो एकदा ठरून गोठलेला आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी रोज नव्याने ठरतो आहे.

(समाप्त)